घरा सांगू नाकात: डिजिटल नागरिकत्व प्रकल्पाच्या नोंदी, सत्तरी (गोवा)

१ जुलै २०२४, सोमवार

हेडमास्तरांचा होकार मिळाला. सहावी, सातवी आणि आठवी, दर गुरुवारी प्रत्येक वर्गाला कॉम्प्युटरचा एक तास. शिक्षकांच्या दोन बैठका आणि पालकांच्या निदान दोन, हेही त्यांनी मान्य केलं. माझ्यासोबत गणिताचे सर आणि समाजशास्त्राच्या बाई आहेत.

सरकारच्या कोडिंग आणि रोबोटिक्स योजनेमुळे सहावी ते आठवीची मुलं लॅबमध्ये छान रमतात. सहावीतला मुलगा तारा जोडून दिवा लावून दाखवतो. त्याच मुलाला घरच्या फोनवर कुणी अनोळखी माणूस ‘हाय’ म्हणाला तर काय करायचं, हे आम्ही कुणीच कधी सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेत फोन आणायला बंदी आहे. मुलाचा फोन म्हणजे घरचा फोन. दुपारी आईचा, बाबा कामावरून आले की बाबांचा. २०२० साली अभ्यासासाठी म्हणून तो घरात आला. तेव्हा रेंज शोधत डोंगरावर चढलेली मुलं आता कॉलेजात पोचलीत, त्यांची धाकटी भावंडं माझ्या वर्गात आहेत. अभ्यास शाळेत परत आला, फोन घरीच राहिला.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ माईक रिबल यांनी डिजिटल नागरिकत्वाचे नऊ घटक मांडलेत: प्रवेश, व्यवहार, संवाद, साक्षरता, शिष्टाचार, कायदा, हक्क आणि जबाबदाऱ्या, आरोग्य, सुरक्षा. वहीत नऊ रकाने आखले. गुरुवारपासून एकेक घटक.

४ जुलै, गुरुवार

फळ्यावर ‘डिजिटल नागरिकत्व’ लिहिलं आणि विचारलं, नागरिकत्व म्हणजे काय? सातवीतून लगेच उत्तर आलं, “पोर्तुगालचा पासपोर्ट.”

बरोबरच आहे त्याचं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनला करायची आणि नातवानं कागद घेऊन युरोप गाठायचं, हे गोव्यातल्या कितीतरी घरांतून चालू असतं. इथल्या मुलाच्या कानाला नागरिकत्व हा कागदाचा शब्द आहे. म्हणून तो पुसला आणि लिहिलं: ‘वाड्यावर राहणारा माणूस’. मग मुलंच बोलायला लागली. विहिरीत घाण टाकायची नाही. दुसऱ्याच्या कुळागरातल्या सुपाऱ्या उचलायच्या नाहीत. कुणाच्या घरी जाताना बाहेरून हाक मारायची, एकदम आत शिरायचं नाही. हे शेवटचं मी जपून ठेवलंय, पुढे लागणार आहे.

११ जुलै, गुरुवार

आजचा तास फसला आणि का फसला ते नीट लिहून ठेवते.

सुरक्षेचा घटक होता. मी फसवणुकीच्या आणि फोटोच्या गैरवापराच्या गोष्टींचं सादरीकरण केलं होतं, एकापेक्षा एक भयंकर. चौथ्या चित्राला वीज गेली. पावसात वाळपईकडे हे नेहमीचंच, म्हणून उरलेलं तोंडी सांगितलं. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, मुलं मन लावून ऐकतायत.

तास संपल्यावर आठवीतला एक मुलगा दारात घुटमळला. “टीचर, कोणाला असं झालं तर?” मी विचारलं, “कोणाला झालंय?” तो म्हणाला, “कोणाला नाही,” आणि निघून गेला.

ती शांतता भीतीची होती. ज्या मुलाच्या बाबतीत काही घडलंय त्याला मी आज चाळीस मिनिटं एवढंच सांगितलं की तू मोठ्या संकटात आहेस. बाहेर यायची वाट सांगितलीच नाही. सादरीकरण काढून टाकलं. यापुढचे सगळे तास फळा, खडू आणि कागदावर.

लॅबबाहेर एक पेटी ठेवली. बुटाचा खोका, वर फट. नाव न लिहिता काहीही टाका.

१८ जुलै, गुरुवार

पेटीत बऱ्याच चिठ्ठ्या. काही गमतीच्या, दोन कॅन्टीनबद्दल. कामाच्या चिठ्ठ्यांत कोंकणी, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र. कुणाला गेममध्ये शिव्या मिळतात, कुणाचा पासवर्ड चुलतभावाला माहीत आहे, कुणाला वर्गाच्या ग्रुपमधून मुद्दाम काढलंय. एकीनं फक्त ‘म्हजेर हांसतात’ एवढंच लिहिलंय.

तीन चिठ्ठ्यांची अक्षरं वेगळी, कागद वेगळे, शेवटची ओळ एकच: ‘घरा सांगू नाकात’, म्हणजे घरी सांगू नका.

२५ जुलै, गुरुवार

आठवीला सरळ विचारलं. घरी का सांगायचं नाही? ओरडतील म्हणून? मारतील म्हणून? थोडे हात वर आले. मग पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “ओरडतील ते चालतं. फोन काढून घेतील.” मग हात वर येतच राहिले.

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर हिशोब अगदी सरळ आहे. वाईट मेसेज आला ही एक वाईट गोष्ट. सांगितलं तर फोन जाणार, मैत्रिणी जाणार, गृहपाठाचा ग्रुप जाणार, ही दुसरी. गप्प बसलं तर एकच वाईट गोष्ट उरते. असं गप्प बसलेलं मूल म्हणजे त्रास देणाऱ्याला सगळ्यात सोयीचं मूल. “घरी सांगितलंस तर बघ” अशी धमकी द्यायची त्याला गरजच पडत नाही, ती सोय आपण मोठ्यांनीच करून ठेवलीय.

नऊ घटकांचे रकाने वहीत राहतील. पण प्रकल्पाचं काम आता एका प्रश्नाभोवती फिरणार आहे: या मुलानं कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर त्याचं काय होणार?

१ ऑगस्ट, गुरुवार

फॉरवर्डचा तास गणिताच्या सरांनी घेतला. एकानं एक मेसेज पाच जणांना पाठवला, त्या प्रत्येकानं आणखी पाच जणांना. मुलांनीच गुणाकार केला: ५, २५, १२५, ६२५, ३१२५. पाच पायऱ्यांची बेरीज ३९०५. सर म्हणाले, आपल्या गावात एवढी माणसं आहेत का बघा.

मग समाजशास्त्राच्या बाईंनी राईनपाड्याचं सांगितलं. धुळे जिल्हा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज फोनाफोनांतून फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी गावात आले आणि जमावानं त्यांना मारून टाकलं. बाईंनी ते संथपणे, एकही शब्द चढवून न बोलता सांगितलं. पाचही जण निरपराध होते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या हजारो लोकांना आपण काही केलं असं वाटलंसुद्धा नसेल.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. हे सांगितल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, “पण टीचर, ते एक चॅट म्हणजे ग्रुप असला तर?” ग्रुपमध्ये १०२४ माणसं असू शकतात. मर्यादेला कुठे भोक आहे ते त्यानं पाच सेकंदांत दाखवलं. सरांनी त्यालाच फळ्याशी बोलावून पुढचा गुणाकार करायला लावला.

दोन बाण दिसले की थांबायचं, ही खूण मुलांना फार आवडली. संध्याकाळी घरच्यांच्या फोनवर दोन बाण शोधायचे, एवढाच गृहपाठ.

८ ऑगस्ट, गुरुवार

व्यवहाराचा घटक. सहावीतल्या बऱ्याच मुलांना आईचा यूपीआय पिन माहीत आहे. दुकानात मुलगाच क्यूआर स्कॅन करतो, आईला चष्म्याशिवाय दिसत नाही. “पिन कुणाला सांगू नका” हे वाक्य या घरांत चालणार नाही. म्हणून दोनच वाक्यं पाठ करून घेतली. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि पैसे गेले तर त्याच क्षणी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उडत जातात, लवकर कळवलं तर बँकेला वाटेत अडवायची संधी मिळते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काल झेंडावंदन. आज पेटीत चिठ्ठी: ‘म्हजो फोटो घातलो. म्हाका विचारलें ना.’

चिठ्ठी आमच्याबद्दल आहे. शाळेच्या ग्रुपवर कालचे पंधरा-वीस फोटो पडले, त्यातले काही मीच काढलेले. एका फोटोत नाच करताना पाय घसरून बसलेली मुलगी आहे. आम्हाला तो गोड वाटला होता. तिला काय वाटेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

‘बाहेरून हाक मारायची, एकदम आत शिरायचं नाही.’ ४ जुलैची ओळ. फोटो काढून टाकला आणि वर्गात माफी मागितली. कोण ती मुलगी ते बोलले नाही. ग्रुपवर फोटो टाकण्याआधी मुलांना दाखवायचे, असं ठरवलंय.

३१ ऑगस्ट, शनिवार

शिक्षकांची पहिली बैठक. अपेक्षेपेक्षा जड गेली.

एक ज्येष्ठ शिक्षक सुरुवातीलाच म्हणाले, “अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मी नवा तास मागितलाच नाही. आपण स्वतः फोनवर काय करतो तेवढंच बघू, असं म्हटलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

मग एकेक बाहेर येत गेलं. चाचणीच्या गुणांची यादी नावांसकट पालकांच्या ग्रुपवर टाकली जाते. उशिरा येणाऱ्याचं नाव ग्रुपवर जातं. रात्री दहा वाजता ‘उद्या चार्ट आणा’ असा मेसेज जातो आणि ज्या घरात रेंज नाही तिथलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहतं. कुणीच वाईट हेतूनं केलेलं नाही. सोय झाली म्हणून सवय पडली.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक डिजिटल विदेचा, म्हणजे डेटाचा, कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण म्हणजे मूलच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. बैठकीच्या दिवसापर्यंत नियम आलेले नव्हते. पण आपल्या ग्रुपवर तीस जणांचे गुण फिरवायचे की नाही हे ठरवायला नियमांची वाट कशाला बघायची? तीन गोष्टी ठरल्या: गुण ज्याचे त्यालाच, संध्याकाळी सात नंतर मेसेज नाही, आणि मुलानं ‘नको’ म्हटलेला फोटो टाकायचा नाही. तिसऱ्यावर बराच वाद झाला. मुलाला काय कळतं, असं दोघांचं मत होतं. समाजशास्त्राच्या बाईंनी एवढंच विचारलं, “आणि तुमचा फोटो न विचारता कोणी टाकला तर?” मग मान्य झालं.

५ सप्टेंबर, गुरुवार

परवा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. सुट्टीचा गृहपाठ दिला: गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीचा फोटो टाकण्याआधी मागे कोण कोण आलंय ते बघायचं आणि त्या प्रत्येकाला विचारायचं. शिवाय एक गोष्ट मुलांनी घरी मोठ्यांना सांगायची. पणजी, म्हापसा, वास्कोची माणसं चवथीला फ्लॅट बंद करून गावच्या घरी येतात आणि पहिल्याच दिवशी ‘सगळे गावाला’ म्हणून फोटो टाकतात. फ्लॅट रिकामा आहे हे सगळ्या जगाला कळतं. फोटो परत गेल्यावर टाकले तरी माटोळी तेवढीच सुंदर दिसते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टीनंतरचा पहिला गुरुवार. आज मी चूक केली, पुढे पुन्हा होऊ नये म्हणून सगळं लिहिते.

सकाळी पेटीत चिठ्ठी होती. आठवीतल्या एका मुलीचं स्टिकर फिरतंय, बनवणारा वर्गातलाच. चिठ्ठी तिच्या मैत्रिणीची असावी. चवथीच्या दिवशी तोंडात नेवरी, डोळे अर्धे मिटलेले, असा तिचा फोटो आईनं स्टेटसला ठेवला होता. मुलानं त्याचा स्क्रीनशॉट घेतला, चेहरा कापला आणि स्टिकर केलं. भावंडांच्या फोनवरून चालणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक गोष्टीला उत्तर म्हणून तेच पडत होतं.

मला राग आला आणि मी तशीच वर्गात गेले. “हे स्टिकर कुणी केलं?” ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. ती खाली मान घालून बसली. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही.

दुपारी तिला लायब्ररीत बोलावलं आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारला जो सकाळीच विचारायला हवा होता: “तुला काय व्हायला हवंय?” बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “स्टिकर जायला हवं. त्याला वर्गासमोर ओरडू नका, मग सगळे मलाच बोलतात.” आणि थोड्या वेळानं, “आईला सांगू नका.” का? “फोटो आईनं घातलेला. तिला वाईट वाटेल. ती म्हणेल फोनच नको कोणाला.”

तेरा वर्षांची मुलगी आईला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं हसं सोसत होती. सांगायची वाट बंद आहे असं मी जुलैपासून लिहितेय, पण ती किती आतून बंद असते ते मला आज कळलं.

मुलगा वेगळा भेटला. त्याला दोन मिनिटं लागली होती स्टिकर करायला. “सगळे हसत होते टीचर, तीपण हसायची.” ग्रुपमध्ये हसण्याचे चेहरे टाकायची ती, हे खरं आहे. दुसरं काय टाकणार? त्याला मी एवढंच सांगितलं की त्या चेहऱ्यामागं काय होतं ते तिला विचारायची हिंमत तुला कधी झाली नाही. तो रडला. काढून टाक म्हटलं तर तयार, पण तेवढं सोपं नाही. ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदत दोन दिवस आणि काही तासांचीच आहे, आणि ज्यांनी स्टिकर जपून ठेवलंय त्यांच्याकडे ते राहतंच. त्यानं स्वतः एकेकाला भेटून काढायला सांगायचं ठरलं. यादी त्यानंच केली.

आईला सांगायचं की नाही हे तिच्यावर सोडलं, फक्त हवं तर मी सोबत बसेन म्हटलं.

पुढच्यासाठी क्रम लिहून ठेवला आणि स्टाफरूममध्ये लावला. आधी मुलाला वेगळं भेटायचं. काय हवंय ते विचारायचं. काही पुसण्याआधी पुरावा जपायचा. वर्गासमोर कधीही नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

मुलगी आपणहून आली. आईला सांगितलं. आई रडली आणि म्हणाली, पुढच्या वेळी विचारून ठेवीन. फोन काढून घेतला नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

शिक्षकांची दुसरी बैठक. स्टिकर प्रकरणानंतर सगळे लक्ष देऊन होते, म्हणून अवघड विषय आजच घेतला: मुलाचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ समोर आला तर?

शिक्षकांची पहिली प्रतिक्रिया अशी असते की स्क्रीनशॉट काढून हेडमास्तरांना पाठवू. ते करायचं नाही. वर मी पुरावा जपा असं लिहिलंय, पण हा अपवाद सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, यांखाली अशी सामग्री पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि ती जवळ ठेवणं शिक्षकालाही अडचणीत आणू शकतं. याच सोमवारी, २३ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं याबाबत कडक निकाल दिला आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका असंही सांगितलं, कारण ते मुलाचं शोषण आहे. म्हणून फोन तिथेच ठेवायचा, कुणालाही पुढे पाठवायचं नाही आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून आपसात मिटवायचं नाही, मग पालकांनी विनंती केली तरी.

‘टेक इट डाउन’ ही सेवाही दाखवली. १८ वर्षांखालच्यांसाठी, फुकट. फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. मुलाला पुन्हा कुणासमोर फोटो उघडावा लागत नाही, हे मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

सुरुवातीला अभ्यासक्रमाबद्दल बोललेल्या ज्येष्ठ सरांनी १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि १९३० हे दोन्ही नंबर त्यांच्या वर्गाच्या फळ्यावर कायमचे लिहिलेत. पुसू नये म्हणून चौकट केलीय.

६ ऑक्टोबर, रविवार

पालकांची पहिली बैठक, शाळेच्या हॉलमध्ये. मोजकी माणसं आली, बहुतेक अशा घरांतली जिथे फारसा प्रश्न नाही. होंडा आणि पिसुर्ले या गावांतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे वडील आले नाहीत. कागदही माझा चुकला, इंग्रजीत होता. शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून मी तसाच छापला. पण आया मराठी वाचतात, पेपर मराठी वाचतात, पोथी मराठी वाचतात. एका आजींनी कागद हातात फिरवून परत दिला.

त्याच आजी निघताना म्हणाल्या, “शाळेत बोलावलं की वाटतं पोरानं काहीतरी केलंय. देवळात ये गो, सगळी येतील.”

२७ ऑक्टोबर, रविवार

देवळाच्या सभामंडपात, भजनाच्या आधी तासभर. मंडप भरला, वडीलही आले. कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत.

आजच सकाळी पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल बोलले होते: थांबा, विचार करा, कृती करा. काहींनी ऐकलं होतं. मी तिथूनच सुरुवात केली. व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार कायद्यात नाही. पोलिसाच्या वेशातला माणूस दोन गोष्टी सांगतो: फोन ठेवू नका, आणि घरात कुणाला सांगू नका.

मग चिठ्ठ्या काढल्या, नावं नसलेल्या, आणि वाचल्या. घरा सांगू नाकात. घरा सांगू नाकात. घरा सांगू नाकात. मोठ्या माणसाला फसवणारा जे वाक्य बाहेरून लादतो, तेच आपली मुलं आपणहून लिहितायत. मंडपात कुणी बोललं नाही.

थोड्या वेळानं मागून एक वडील म्हणाले, “मग काय करायचं? फोन काढून नाही घेतला तर धाक कसला?” खरा प्रश्न. बराच वेळ त्याच्यावरच गेला. रात्रभर गेम खेळला म्हणून फोन बंद केला तर ठीक आहे, तो नियम घराचा. पण मुलगी येऊन सांगते की कुणीतरी घाणेरडं लिहिलं, आणि त्याच दिवशी फोन गेला, तर ती काय शिकली? सांगितल्याची शिक्षा होते, हे. एका आईनं ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं: “विंचू चावला म्हणून रडत आलेल्या पोराला, चप्पल का घातली नाहीस म्हणून आधी मारत नाही आपण. आधी विष उतरवतो.”

करार तिथेच भरून घेतला, एका पानाचा. आईबाबांच्या दोन ओळी: तू येऊन सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. तुझा फोटो तुला विचारल्याशिवाय टाकणार नाही. मुलांच्या दोन: त्रास झाला तर त्याच दिवशी सांगेन. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय घेणार नाही, पाठवणार नाही. खाली सह्या आणि एक रिकामा रकाना: ‘कोणी मोडला, कधी, मग काय केलं’. तो रकाना आठवीच्या मुलांनी मागितला होता. मोडणार आहेच टीचर, म्हणाली, मग लिहायला जागा नको?

भजन सुरू झालं तरी काही आया कोपऱ्यात संचार साथी हे सरकारी पोर्टल उघडून आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघत होत्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपली. पेटीत नरकासुराच्या रात्रीच्या व्हिडिओंबद्दल चिठ्ठ्या. एकानं लिहिलंय की त्यानं व्हिडिओ टाकण्याआधी चौघांना विचारलं आणि एकानं नको म्हटलं, तर त्याचा भाग कापला. स्वतःचं नाव लिहिलंय त्यानं चिठ्ठीवर.

जुलैत दारात घुटमळलेला मुलगा आज बोलला. काय ते इथे लिहीत नाही, तो त्याचा विषय. त्याच्या घरी उद्या मी आणि हेडमास्तर जातोय, त्याच्याच सांगण्यावरून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आठच्या आधी सातवीतल्या एका मुलीचे वडील फाटकाशी उभे, कारखान्याच्या गणवेशात. पहिली पाळी चुकवून आले होते. “टीचर, मी करार मोडला.”

मंगळवारी रात्री मुलीनं त्यांना सांगितलं की गेमच्या चॅटवर कुणीतरी रोज बोलतो आणि आता फोटो मागतोय. तिनं पाठवला नव्हता. वडील घाबरले. फोन घेतला, कपाटात ठेवला, कुलूप. बुधवारी सकाळी मुलीनं भिंतीवरचा करार काढून त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवला, काही न बोलता. दिवसभर मशीनवर त्यांच्या डोक्यात तेच. रात्री फोन परत दिला. “पण आता पुढे काय करायचं ते मला येत नाही.”

तिला बोलावलं. तिघं मिळून बसलो. चॅटचे स्क्रीनशॉट घेतले, त्या खात्याचं नाव आणि क्रमांक वहीत उतरवला, गेममध्ये तक्रार केली, मग ब्लॉक. वडिलांच्याच फोनवरून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. प्रत्येक पायरी तिनं केली, ते बघत होते. मधे एकदा त्यांनी तिला विचारलं, “माझ्याकडे आधी का नाही आलीस?” ती म्हणाली, “आलेय की.”

कराराचा कागद तिनं दप्तरात आणला होता. रकान्यात तिच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: ‘बाबानं मोडला. २६ तारीख. एक दिवस.’ वडिलांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पुढे लिहिलं: ‘परत दिला. २७ तारीख.’ खाली सही केली. तिनं तारीख तपासली आणि कागद घडी घालून पुन्हा दप्तरात ठेवला.

पुढच्या गुरुवारी सहावीला पासवर्ड.